अंगठ्याचं नख आणि धोंड्याचा महिना

भर मे महिन्यात घरातल्या घरात मोजे घालून बसलेला माणूस तुम्हाला दिसला, तर त्याला हे वाचायला द्या. त्याला थंडी वाजत नसते. त्याच्या पायाच्या नखांना काहीतरी झालेलं असतं आणि ते त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नसतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण जवळजवळ वर्षभर तो माणूस मीच होतो.

तसं पाहिलं तर हे दुखणं आजारात धरत नाहीत. कुणी भेटायला येत नाही, शहाळं आणत नाही, ऑफिसात सांगितलं तर रजा मिळण्याऐवजी हसू मिळतं. पण ज्याला होतं त्याचं जगणं अवघड होतं, आणि गंमत म्हणजे ते नखामुळे कमी आणि लपवण्यामुळे जास्त अवघड होतं. म्हणून लिहितोय.

मी सावंत. राहतो मीरा रोडला. भाईंदरच्या एका शाळेत पी.टी. शिकवतो. उभी हयात पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत गेली. उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात मैदानातलं पाणी, आणि शाळा सुटेपर्यंत तेच ओले मोजे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर पोरांची नखं तपासणं हेही माझंच काम. हात पुढे, पंजे उलटे, आणि कुणाच्या नखात माती दिसली की माझं स्वच्छतेवरचं भाषण सुरू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या बुटात होता.

स्टेजवरचं वृक्षासन

सुरुवात उजव्या पायाच्या अंगठ्याच्या कडेला आलेल्या पिवळट डागाने झाली. बूट लागला असेल म्हणून मी सोडून दिलं. मग नख जाड झालं, मग त्याचा भुगा पडायला लागला, मग शेजारचं बोट, मग डावा अंगठा. आमच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवलं तर तो काउंटरवरून वाकून बघत म्हणाला, “भाईसाब, ये लगाओ, पंद्रा दिन में एकदम क्लीन.” पंधरा दिवसांनी ट्यूब क्लीन झाली, नख होतं तसंच. कुणीतरी हळद आणि खोबरेल तेल सांगितलं. तेही केलं. आधीच पिवळं असलेलं नख आणखी पिवळं झालं आणि सोबत माझे सगळे पांढरे मोजेही.

मग मी सोपा उपाय शोधला. मोजे काढायचेच नाहीत.

तो उपाय योगदिनाला उघडा पडला. जून महिना, शाळेच्या हॉलमध्ये सगळी पोरं अनवाणी चटयांवर, पुढे पाहुणे आणि स्टेजवर प्रात्यक्षिक दाखवायला मी, मोजे घालून. मुख्याध्यापिका बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सर, मोजे काढा ना.”

“मॅडम, सर्दी आहे,” मी म्हणालो.

वृक्षासनात एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मांडीवर टेकवायचा आणि हात वर जोडायचे. प्लॅस्टिकच्या चटईवर नायलॉनचा मोजा किती गुळगुळीत चालतो याचा अंदाज मला नव्हता. मांडीवरचा पाय आधी घसरला, मग खालचा, आणि झाड मुळासकट आडवं झालं. पडता पडता मी माइकचा स्टँड पकडला, तोही माझ्याबरोबर आला. पोरांना वाटलं हेही आसनच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी करूनही दाखवलं.

व्हिडिओ संध्याकाळच्या आत मनीषापर्यंत पोचला. मनीषा माझी बायको. तिने तो पाहिला, पुन्हा पाहिला, पोट धरून हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, “बास झालं आता. उद्या डॉक्टर.”

बुरशी

मीरा रोड स्टेशनजवळच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. खाली फरसाणचं दुकान, त्यामुळे जिन्यात तळणाचा वास. डॉक्टरबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. मी मोजे काढताना मान दुसरीकडे वळवली. त्यांनी मात्र माझा पाय सरळ मांडीवरच्या टॉवेलवर घेतला आणि दिवा लावून बघायला लागल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या नखांकडे कुणीतरी तोंड वाकडं न करता बघत होतं. मला एकदम भरून आलं. नखावरून भरून येईल असं वाटलं नव्हतं.

“किती दिवसांपासून आहे?”

“झाले असतील दोनेक महिने,” मी म्हणालो.

“तीन वर्षं,” मनीषा म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिचं ऐकून लिहिलं. “फंगस वाटतंय. थोडं नख खरवडून टेस्टला पाठवू, कन्फर्म करू.”

इंग्रजीत ऐकलं तेव्हा काही वाटलं नाही. जिना उतरताना मनीषाने त्याचं मराठी केलं. “बुरशी रे, बुरशी.” बुरशी पावाला लागते, लोणच्याला लागते. पन्नाशी ओलांडलेल्या, रोज व्यायाम करणाऱ्या माणसाला लागते हे पचनी पडायला मला फरसाणच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहावं लागलं.

घरी येताच मनीषाने कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला नेलकटर काढला. कित्येक वर्षं आमचं अख्खं घर, आलेगेले पाहुणे धरून, त्या एकाच नेलकटरवर चालत होतं. तो कचऱ्यात गेला. मला वेगळा नेलकटर, वेगळा टॉवेल, बाथरूमबाहेर वेगळं पायपुसणं. आपल्याच घरात पेइंग गेस्ट झाल्यासारखं वाटलं. मी कुरकुरलो तर ती म्हणाली, “पोरांना सोमवारी काय सांगतोस? तेच कर.”

साखर

आता एक गोष्ट जी हसून सांगता येत नाही. डॉक्टरबाईंनी नखाच्या टेस्टबरोबर साखर आणि लिव्हरही तपासायला सांगितलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो नेहमीचा नियम. पण साखर हा शब्द ऐकला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

माझ्या वडिलांना साखर होती. चपलेचा अंगठा लागून त्यांच्या पायाला एवढीशी जखम झाली. ती बरी झालीच नाही. आधी अंगठा गेला आणि मग गुडघ्याखालून पाय. परळच्या चाळीत ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खाली खेळणाऱ्या पोरांना कबड्डीच्या चुका सांगायचे. मी पी.टी. शिक्षक झालो तो त्यांच्यामुळे. त्यांच्या पायाचं काय झालं हे मी जवळून पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षं डॉक्टरकडे न जाण्याचं एक कारण तेही होतं. नख दाखवलं की कुणीतरी साखर तपासायला सांगणार, हे मला आतून माहीत होतं.

रिपोर्ट येईपर्यंत मी जेवलो नाही असं नाही, पण काय जेवलो ते आठवत नाही. मनीषाने धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. ती फक्त शेजारी बसून वाटाणे सोलत राहिली आणि मधूनमधून एक दाणा माझ्या हातावर ठेवत राहिली.

साखर नव्हती. लिव्हरवर थोडी चरबी होती, म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या की पोटातल्या गोळ्या टाळू, लेझर करू आणि वरून लावायचं औषध देते. बुरशी मात्र पक्की ठरली. आयुष्यात बुरशी निघाल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. खाली उतरताच मनीषाने स्वतःहून गरम जिलबी घेतली. “साखर नाही म्हणून साखर,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी ती फुटपाथवर उभं राहून बोटं चाटत खाल्ली.

लाल ठिपका

लेझर म्हणजे काय असेल याची मी बरीच भीती घेतली होती. प्रत्यक्षात एका खुर्चीत रेलून बसायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा आणि पाय पुढे करायचे. आधी त्या नखाचा जाड थर छोट्या मशीनने घासून कमी करतात. मग पेनासारखं यंत्र नखावरून फिरतं, त्याचा लाल ठिपका नखावर नाचत राहतो आणि आत ऊब जाणवते. ऊब वाढत वाढत चटका बसतो. तेवढ्यात सांगायचं, की त्या थांबतात.

“गरम झालं की सांगा हं, सर,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी पी.टी.चा मास्तर. पहिल्याच नखाला कसा सांगणार? दात आवळून बसलो. गरम झालं, जास्त गरम झालं, आणि मग मी असा काही ओरडलो की बाहेर बसलेले एक गृहस्थ उठून निघून गेले.

“सर,” डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “इथे शूरपणाचे मार्क नाहीत.”

त्यानंतर मी गरम व्हायच्या आधीच सांगायला लागलो.

महिन्यातून एकदा जायचं. प्रत्येक वेळी आधी पायाचा फोटो निघायचा. घरी पाय कोरडे ठेवायचे, मोजे रोज बदलायचे, बूट उन्हात टाकायचे आणि घरात असताना पाय उघडे ठेवायचे. शिवाय नखांना लावायला औषधाची बाटली, जिचा ब्रश हुबेहूब नेलपॉलिशचा. क्रिकेटची मॅच लावून, पाय टीपॉयवर ठेवून, जीभ बाहेर काढून नखं रंगवणारा नवरा बघायला मनीषा स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर यायची.

दवाखान्यातल्या बाकावर एक छान गोष्ट घडायची. लेझरच्या दिवशी तिथे सगळे पायवालेच. बुटांतले, बंद सँडलवाले, साडीचा काठ पुढे ओढून बसलेल्या बायका. कुणी कुणाला काय झालंय विचारायचं नाही, पण एखाद्याने आत जाताना मोजे काढले की बाकी सगळे हळूच बघायचे आणि आपल्यापेक्षा वाईट दिसलं की चेहरे उजळायचे. मीही उजळलोय. आपण एकटे नाही हे कळायला माणसाला फार मोठं काही लागत नाही.

आता तुम्हाला लेझर घ्यायचं असेल तर एक सांगतो, चुकीच्या आशेवर जाऊ नका. डॉक्टरबाईंनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. “लेझर जादू नाही. बिघडलेलं नख सुधारत नाही. मुळातून नवीन नख चांगलं आलं पाहिजे, आणि ते त्याच्या चालीने येणार. अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. प्रत्येकाला पूर्ण बरं वाटेलच असंही नाही.”

वर्ष-दीड वर्ष. मी मनातल्या मनात कॅलेंडर उलटलं. पुढच्या मे महिन्यात अधिक महिना लागत होता.

रुसलेला जावई

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला सासरी बोलवतात, लेक-जावयाला पाटावर बसवतात, लक्ष्मी-नारायण समजून पाय धुतात, आणि अनारशांचं वाण देतात. पाय धुतात. म्हणजे मोजे काढून.

माझं सासर भाईंदरच्या गोडदेव गावात. मनीषा तिथल्या आगरी घरातली, मी परळहून आलेला मालवणी. आमचं लग्न प्रेमाचं, आणि त्या वेळी गोडदेवच्या भावकीत ते कुणाला पटलं नव्हतं. लग्नाला अर्धे लोक आले नाहीत. मग लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. सासूबाईंनी, त्यांना मी आईच म्हणतो, सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं, मला मधोमध पाटावर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत माझे पाय धुतले. कुणाला काही सुनावलं नाही की समजावलं नाही. पाय पुसले, नमस्कार केला आणि उठल्या. त्या दिवसापासून माझ्याबद्दल गोडदेवात कुणी ब्र काढला नाही.

तेव्हापासून प्रत्येक अधिकात त्यांनीच माझे पाय धुतले. मागच्या अधिकात नखावर नुसता डाग होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही. ज्या पायांना त्यांनी एवढा मान मिळवून दिला, ते असे त्यांच्या हातात द्यायचे? मला ते जमणार नव्हतं. मी मनीषाला शपथ घातली. “आईंना यातलं काही कळता कामा नये.”

इथून माझी फजिती सुरू झाली.

गणपतीला गोडदेवला गेलो तो मोजे घालून. माझा मेहुणा हरेश दारातच म्हणाला, “भावोजी, मोजे काढा की. घर तुमचंच हाय.” मी म्हणालो, सर्दी आहे. माझी सर्दी एव्हाना नाकापेक्षा पायालाच जास्त होत होती. पंगत खाली बसणार होती. मांडी घातली की पाय दिसणार, म्हणून मी उभ्या उभ्या प्रसाद घेतला आणि काम आहे सांगून सटकलो. त्याच पंगतीत हरेशचा नवा जावई अक्षय बसला होता. लग्नानंतरचा पहिला गणपती, म्हणून पहिलं ताट त्याला वाढलं होतं. माझं तिकडे लक्षही नव्हतं. भाऊबीजेला मी मनीषाला एकटीला पाठवलं.

झालं. गोडदेवात निकाल लागला. मोठा जावई रुसलाय. नव्या जावयाला पहिलं ताट दिलं म्हणून रुसलाय.

आता जावयाचं रुसणं हा काय प्रकार असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यात जावई काही बोलत नाही, आणि काही नाही असं जितकं जास्त म्हणतो तितका तो जास्त रुसलाय असं समजतात. हरेशने फोन केला. “भावोजी, काय चुकला का आमचा?” मी म्हणालो, छे छे, काही नाही. आठवड्याभरात सुक्या मासळीची पिशवी आली. मी पुन्हा फोन करून म्हणालो, अरे, खरंच काही नाही. मग शर्टपीस आला. तिसऱ्यांदा फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

हसू येतं आता. तेव्हा घरात वातावरण तंग होतं. मनीषाला माहेरून टोमणे बसत होते आणि शपथेपायी तिला तोंड उघडता येत नव्हतं. एकदा ती खरंच चिडली.

“तुझ्या नखापायी माझं माहेर तुटायला आलंय. आई रडते फोनवर. तिचं वय काय आणि तू काय लपवतोयस?”

“नख सुधारू दे, मग जातो.”

“आणि अधिकापर्यंत नाही सुधारलं तर?”

त्या दिवशी मी एकट्यानेच जेवण वाढून घेतलं.

गुलाबी कोर

थंडीच्या दिवसांत एका रविवारी मी गॅलरीत उन्हाला पाय पसरून बसलो होतो. औषध लावायला वाकलो तर डाव्या अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी वेगळं दिसलं. चष्मा लावला. पिवळ्याच्या खाली, कातडीला लागून, गुलाबी रंगाची बारीक कोर. स्वच्छ. चकचकीत.

“मनीषा!” मी अशी हाक मारली की ती पोळीचं पीठ लागलेल्या हातांनीच धावत आली. तिने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं, पीठ पुसून पुन्हा पाहिलं.

“आलं रे,” ती म्हणाली. “खरंच आलं.”

आमची मुलगी जन्मली तेव्हा पहिली बातमी नर्सने दिली होती. ही बातमी मी स्वतः वाकून शोधली होती. मी घरभर अनवाणी फिरलो. लादी किती गार असते हे मी विसरलो होतो. खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी जिन्यात भेटले, त्यांनी विचारलं, “क्या बात है सर, आज बहुत खुश?” मी म्हणालो, “नाखून आया है.” ते बिचारे अभिनंदन म्हणाले आणि घाईने निघून गेले.

त्यानंतर डावा अंगठा भराभर सुधारत गेला. शेजारचं बोट आजही थोडं हट्टी आहे. उजवा अंगठा, जिथून सगळं सुरू झालं, तो मात्र मागे राहिला. एप्रिल उजाडला तेव्हा त्याचा खालचा अर्धा भाग गुलाबी आणि वरचा अर्धा पिवळा, जाड, खडबडीत होता. अधिक महिना दाराशी येऊन ठेपला होता आणि माझं नख अर्ध्या रस्त्यात होतं.

आई मीरा रोडला येतात

शाळेला नुकती सुट्टी लागली होती. दुपारी मी हाफ पँटवर, नखांना औषध लावून, पाय टीपॉयवर वाळत टाकून बसलो होतो. बेल वाजली. मनीषाने दार उघडलं आणि म्हणाली, “आई, तू एकटीच आलीस?”

मी हाताला लागतील ते मोजे ओढले आणि पायात घातले. औषध ओलं होतं. मोजा उजव्या अंगठ्याला चिकटला.

आई शेअर रिक्षाने आल्या होत्या. हातात सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, पिशवी. त्यांनी पाणी घेतलं नाही. समोर बसल्या आणि पदर सावरून थेट बोलायला लागल्या.

“जावयबापू, आमचा काय चुकला सांगा. अक्षयला पयला ताट वाढला, ता माजी चूक. तो नवा. तुमी आमचे घरचे. घरच्याला मागून वाढला तं चालतं, असा मना वाटला.”

“आई, तसं काही नाही...”

“मना बोलू द्या. आता धोंडा येतंय. माजा वय झाला. पुढच्या धोंड्याला मी हाय का न्हाय, कोनाला ठावं? तुमच्या पाया पडतंय, पन या.”

आणि त्या खरंच सोफ्यावरून उठून वाकायला लागल्या.

मी टुणकन उभा राहिलो. मनीषा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई ज्या पायांवर डोकं ठेवायला वाकत होती, ते पाय मी वर्षभर तिच्यापासून लपवत होतो, आणि का, तर तिचा मान राहावा म्हणून. मला माझाच राग आला. मी त्यांना धरून बसवलं, समोर जमिनीवर बसलो, आणि मोजे काढले. उजवा निघेना. ओढून काढला तेव्हा अंगठ्यावर मोज्याचे धागे चिकटून राहिले.

“हे चुकलंय, आई,” मी म्हणालो. “तुमचं काही नाही. नखांना बुरशी लागली. औषध चालू आहे. तुम्ही हे पाय धुता, म्हणून लाज वाटत होती. म्हणून येत नव्हतो.”

“मनीषा, तुजा चष्मा दे,” आई म्हणाल्या.

मनीषाचा चष्मा नाकावर चढवून त्या वाकल्या आणि त्यांनी माझं एकेक बोट हातात धरून बघितलं. सगळं बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“याच्यासाठी? याच्यासाठी गनपतीत उपाशी गेलाव?”

“हो.”

“नख गेलाय, नाक न्हाय गेला तुमचा!” आणि त्या हसायला लागल्या. दात नसलेलं, खांदे हलवणारं, खोकल्यापर्यंत जाणारं हसू. मनीषा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःच रडत-हसत होती. “हरेशनं शर्टपीस दिला रं नखाला,” आई म्हणाल्या आणि पुन्हा हसत सुटल्या.

निघताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी मला बजावलं. “धोंड्याला या. दोनी पाय घेऊन या.”

परात

पुढच्या वेळी दवाखान्यात मी डॉक्टरबाईंना विचारलं, सासूबाईंनी पाय धुतले तर त्यांना काही होणार नाही ना? त्यांनी सांगितलं की हाताला जखम नसली तर काळजीचं कारण नाही, नंतर साबणाने हात धुवायला सांगा. तरी माझा जीव राहीना. मी मेडिकलमधून पातळ हातमोज्यांची जोडी घेतली आणि खिशात घालून गोडदेवला गेलो.

हॉलमध्ये दोन जोड्या पाट मांडले होते. एका जोडीवर अक्षय आणि त्याची बायको, दुसऱ्यावर मी आणि मनीषा. अक्षयचे पाय गोरेपान, नखं कापून घासलेली. पार्लरमध्ये जाऊन आला होता, त्यानेच हळूच मला सांगितलं. सगळ्यांना एव्हाना सगळं माहीत झालं होतं. हरेश माझ्याकडे बघून तोंडावर रुमाल धरत होता.

आई पितळी परात घेऊन समोर बसल्या. मी खिशातून हातमोजे काढून पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले.

“पाय तुमचे मोज्यातून काढले, आता माजे हात मोज्यात घालू?” त्या म्हणाल्या आणि जोडी हरेशकडे फेकली.

मी डावा पाय परातीत ठेवला. तो चांगला होता. आईंनी तांब्याने पाणी घातलं, बोटांच्या मधून हात फिरवला. मला गुदगुल्या झाल्या. वर्षभर त्या पायांवरून असा कुणी हात फिरवला नव्हता. मी हसू दाबायला बघितलं आणि ते नाकातून फुटलं. मग अक्षय हसला, मग हरेश, मग सगळं घर.

“दुसरा,” आई म्हणाल्या.

मी उजवा पाय पाटाखाली ओढून बसलो होतो.

“दुसरा द्या. एका पायाचा नारायण पायलाय कोनी?”

दिला. त्यांनी पाणी घातलं. या वेळी मला हसू आलं नाही. त्यांनी अंगठा दोन बोटांत धरला आणि पिवळ्या भागाकडे लक्ष न देता खालच्या गुलाबी भागावरून आपल्या हाताच्या अंगठ्याचं टोक फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“यो नवीन हाय ना?”

“हो, आई.”

“तान्ह्या पोराचा असतो तसा हाय. पुरा कवा येल?”

“डॉक्टर म्हणतात अजून बरेच महिने लागतील. हळूहळू येतं.”

आईंनी पदराने पाय पुसला, कुंकवाचं बोट घेतलं आणि अर्ध्या नखावर टेकवलं.

“येऊ दे हलूहलू,” त्या म्हणाल्या. “पुढच्या धोंड्याला पुरा बगीन.”

शेजारी मनीषाने झटकन मान वळवून आईकडे पाहिलं. मग पाटावर टेकलेल्या माझ्या हातावर तिने हात ठेवला, आणि आई परात उचलून उठेपर्यंत तो काढला नाही.